तांदळाचा कागद

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

हे डाव्या हातानं लिहितो आहे. ओळी उताराला लागल्या आहेत. मारोती गुरुजी असते तर त्यांनी छडी उगारली नसती, नुसतं वहीकडे पाहत बसले असते. तेच जास्त लागलं असतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी दुकानात पेनांची खोकी लावता लावता उजवा हात गेला. म्हणजे जागेवर आहे, पण माझा राहिला नाही. झटका हलका होता असं डॉक्टर म्हणाले. पाय चालतात, जीभ चालते. जीभ चालतेच, हे माझी बायको जयवंता सगळ्यांना सांगते.

आज एवढंच. डावा हात दमला.

४ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू मी खाटेखाली ढकलून दिला आहे. रोज शंभरदा दाबायचा म्हणे. बहात्तराव्या वर्षी चेंडू! बेला गावच्या बाजारात चाळीस वर्षं वह्या-पेनांचं दुकान चालवलं. जून महिन्यात निम्म्या गावाच्या वह्यांवर नावं मी घातली. लोक म्हणायचे, पांडुरंगरावानं नाव घातलं की पोरगं वही फाडत नाही. तो हात आता चेंडू दाबणार का?

जेवण मागच्या खोलीत करतो. जयवंता भरवते. वरण हनुवटीवरून ओघळतं, ती पदरानं पुसते, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहतो. कॅलेंडरवर २३ जानेवारीला तिनंच लाल गोल केला आहे. वसंत पंचमी. बासरला, सरस्वतीच्या देवळात, साक्षीचं अक्षर घालायचं आहे. साक्षी म्हणजे माझ्या मुलाची, राजकुमारची धाकटी, चार वर्षांची. ताटातल्या तांदळात मुलाचं बोट धरून पहिलं अक्षर काढायचं, हा मान आमच्या घरी माझा. राजकुमारचं बोट मी धरलं, तेजस्विनीचं मी धरलं. आता साक्षीचं.

पन्नास दिवस उरले. मोजून पाहिले.

६ डिसेंबर, शनिवार

तेजस्विनी हैदराबादहून आली. ही थोरली नात. स्वयंपाकाच्या कॉलेजात शिकते. साक्षी हिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे दोघी बहिणी कमी आणि मायलेकी जास्त वाटतात. वसंत पंचमी करूनच जाणार म्हणाली.

आल्या आल्या माझ्या खोलीत आली. खाली वाकून खाटेखालचा चेंडू काढला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि साक्षीला खेळायला देऊन टाकला. मला एका शब्दानं विचारलं नाही. शहाणी पोर आहे. मग स्वयंपाकघरात आजीशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. बायकांचं काही असेल.

मी जेवायला बाहेर येत नाही हे तिनं पाहिलं. तेही विचारलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

तेजस्विनीच्या नावानं पार्सल आलं, ती घरी नव्हती. रुपानं, म्हणजे सुनेनं, ते माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. पाकिटावर इंग्रजीत ‘राईस पेपर’, खाली थायलंडची अक्षरं. तांदळाचा कागद! असा कागद असतो हे ऐकून होतो, हातात कधी आला नव्हता. राहवलं नाही, एक बाजू सोडून पाहिलं. गोल चकत्या, ताटलीएवढ्या. पांढुरक्या, कडक, अंगावर चटईसारखी जाळी उठलेली. उजेडासमोर धरली तर पलीकडचा कडुलिंब दिसला. अशा कागदावर काय लिहीत असतील तिकडचे लोक? मला वाटलं, कविताच लिहीत असतील. गोल कागदावर हिशेब कोण लिहील?

तांदळाचा म्हणजे कसर हमखास लागणार. माझ्या लाकडी कपाटात जुन्या वह्यांमध्ये नीट ठेवला आणि चार डांबरगोळ्या टाकल्या. डाव्या हातानं एवढं जमलं याचं बरं वाटलं.

११ डिसेंबर, गुरुवार

आज घरात माझी फजिती.

तेजस्विनी पार्सल शोधत होती. मी मोठ्या मानानं कपाट उघडून दिलं. तिनं पाकीट नाकाला लावलं आणि डोळे मिटले.

“आबाजी, हे काऊन ठेवलं कपाटात?”

“कसर लागते बाई कागदाले.”

“अवो, खायाचा कागद हाय थो! पाण्यात भिजवून त्याच्यात भाजी गुंडाळतेत.”

जयवंता दारातच बसली हसत. “चाळीस वर्षं कागद इकला, आता खायाचीबी पाळी आली. घ्या, डांबरगोळीची चटणी करून देतो मी.”

मला फार ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या लांबून मागवलेली वस्तू. मी म्हणालो, “तुह्या परीक्षेचा पेपर व्हता का गं थो?”

तेजस्विनीनं आजीकडे पाहिलं, आजीनं तिच्याकडे. मग म्हणाली, “हाव आबाजी. परीक्षेचाच. शंभर गुंडाळ्या करा लागतेत. दुसरं पाकीट मागवतो मी. हे तर आता खाता येत नाई, याच्यावर हात बसवू. पण मले जोडीदार पाह्यजे. नुकसान तुमी केलं, तं तुमीच या.”

न्यायाची गोष्ट आहे. उद्यापासून दहा वाजता.

१२ डिसेंबर, शुक्रवार

तीन फाटल्या. एक चिकटून गोळा झाली. एक नुसतीच पाण्यात विरघळली, कारण मी ती बुडवून खिडकीबाहेर पाहत बसलो. पाण्यात ती मऊ होत जाते तेव्हा पाटी पुसल्यासारखी तिची जाळी नाहीशी होते. शाळेतल्या टिनाच्या छताखालची सकाळ आठवली, मारोती गुरुजी टेबलावर पट्टीनं ताल धरून कविता म्हणवून घ्यायचे.

“आबाजी, पाण्यात पाच सेकंद. पन्नास नाई.”

१६ डिसेंबर, मंगळवार

या थायी लोकांचे नियम विचित्र आहेत. गुंडाळी उजव्या हातानंच करायची. डावा हात मधे आला की मार्क कापतात म्हणे. डावा फक्त ताटली धरायला. मी म्हणालो, मी तर परीक्षेला बसलो नाही. तर म्हणते, “जोडीदार चुकला की माह्येबी कापतेत.” आता पोरीचं नुकसान दुसऱ्यांदा कसं करू?

दुसरा नियम असा की सारणातला दाणा न दाणा निवडलेला हवा. तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग माझ्यासमोर ओतते. अंगठा आणि तर्जनीनं शेंग दाबायची, सोले काढायचे, मग अंगठा आणि मधलं बोट, मग अंगठा आणि तिसरं. पाळीपाळीनं. पहिल्या दिवशी तासाभरात सतरा शेंगा झाल्या. आज वाटी भरली. बोटांना मुंग्या येतात, करंगळी अजून ऐकत नाही.

हैदराबादच्या कॉलेजात तुरीच्या शेंगा कुठून आणतात हे तिला विचारायचं राहिलं.

२० डिसेंबर, शनिवार

क्रम डोक्यात राहत नव्हता. कधी सारण मधोमध ठेवायचो, कधी कडा दुमडायला विसरायचो. मारोती गुरुजी म्हणायचे, जे विसरतं ते चालीत बांधावं. म्हणून बांधलं:

कोमट पाण्यात । बुडी एक घ्यावी ।
ताटात मांडावी । हळू हाते ॥
सारण थोडके । मधोमध नाही ।
अलीकडे पाही । कडेपाशी ॥
बाजू दुमडाव्या । पांघरूण जैसे ।
निजे बाळ तैसे । गुंडाळावे ॥

अक्षरं मोजली, सहा-सहा-सहा-चार बरोबर बसली. तेजस्विनीनं मोबाईलमध्ये टिपून घेतली. साक्षीला तर लगेच पाठ झाली. आता ती दिवसभर बाहुलीला ‘निजे बाळ तैसे’ म्हणत साडीच्या चिंधीत गुंडाळते आहे.

चालीवर केलं की हात थोडा कमी अडखळतो. का, ते कळत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

दुसरं पाकीट आलं. आज पहिल्यांदा खायची गुंडाळी.

सारण असं: तुरीचे सोले लसणावर परतून, बारीक चिरलेली कोबी आणि गाजर, उकडलेल्या तांदळाच्या शेवया, पुदिना, आणि भरपूर सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पहिल्या वर्षी हैदराबादेत हिनं ‘सांबार चिरून टाका’ म्हटलं तेव्हा वर्गातली पोरं हसली होती. थायी चवीला आंबट पाहिजे, तर लिंबाऐवजी अंबाडीची कोवळी पानं. बुडवून खायला शेंगदाणे, गूळ, चिंच, लाल मिरचीचं दाटसर वाटण. त्यात थायलंड किती आणि बेला किती ते देव जाणे.

मी केलेली पहिली गुंडाळी थोडी पोट सुटलेली होती. पण फाटली नाही. मऊ पापुद्र्यातून आतला हिरवा सोला दिसत होता, तळ्यातल्या पाण्यातून गोटी दिसावी तसा. तेजस्विनी म्हणाली, “आता परीक्षकबी तुमीच. परीक्षकानं पयले सोता खाऊन पाहा लागते.” मी उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी. वाटणात बुडवूनसुद्धा.

तिसरी संपल्यावर पाहिलं तर सदऱ्यावर काहीच सांडलेलं नव्हतं. या पदार्थाची ही एक सोय आहे, सगळं आतच राहतं.

जयवंता दारात उभी राहून डोळे पुसत होती. वाटणात मिरची जास्त झाली होती, मी तेजस्विनीला सांगितलं.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

लिहावं की नाही कळत नाही. पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं सुरुवातीलाच ठरवलं होतं.

राजकुमार ओसरीवर रुपाशी बोलत होता. मी आत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

“बासरले साक्षीचं बोट मीच धरतो. बाबाचा हात कापते. तेवढ्या गर्दीत, पुजाऱ्यासमोर, लोकं पाह्यतीन. त्याहिलेच वाईट वाटीन नं.”

“तुमी सांगान का त्याहिले?”

“तू सांग.”

“मी नाई सांगत बाप्पा.”

त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता. त्यानं तर जास्त लागलं. मी हात मांडीवर ठेवून पाहिला. खरंच कापत होता. मी एवढे दिवस पाहिलंच नव्हतं, गुंडाळीकडे पाहत होतो.

६ जानेवारी, मंगळवार

चार दिवस दहा वाजता गेलो नाही. तेजस्विनी दारात येऊन उभी राहायची. मी म्हणायचो, तुझी परीक्षा तू दे. जयवंतानं मला पुन्हा भरवायला सुरुवात केली. वरण पुन्हा हनुवटीवर.

आज साक्षी आली. बालवाडीतल्या तेलुगू मैत्रिणींमुळे मला ‘तातय्या’, म्हणजे आजोबा, म्हणते, आमच्यात कुणी म्हणत नाही. हातात ओली चकती, थेंब गळत होते. माझा उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि चकती बोटांभोवती लपेटली. कडा दुमडल्या. ओठ हलत होते, ‘पांघरूण जैसे’.

“काय करून राह्यली गं?”

“तुह्या हाताले थंडी वाजते, तातय्या. म्हणून कापते थो. आता नाई कापणार.”

मी म्हणालो, बरं. बराच वेळ तसाच बसलो. पापुद्रा वाळत गेला तसा बोटांना धरून बसला. चिमुकल्या माणसानं मूठ धरावी तसं वाटत होतं.

काढून टाकला तेव्हा अकरा वाजले होते. स्वयंपाकघरात गेलो. तेजस्विनीनं ताटलीत पाणी ओतलं.

“उशीर झाला,” मी म्हणालो.

“तासभरच तं झाला, आबाजी.”

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

परीक्षेनं या पोरीचं डोकं फिरलं आहे. आज सणाचा दिवस, तर तिनं घरात पोळी होऊ दिली नाही. वरण नाही, भात नाही, भाजी नाही. सगळ्यांना गुंडाळ्याच! मला वाटलं जयवंता ओरडेल, पण ती निमूटपणे शेंगदाणे वाटत बसली. तेवढे तिळाचे लाडू मात्र केले.

सकाळपासून मी आणि तेजस्विनीनं मिळून बावन्न केल्या. त्यातल्या एकवीस माझ्या. कोणत्या कुणाच्या, हे रुपाला ओळखता आलं नाही.

मग तेजस्विनी म्हणाली, “आबाजी, परीक्षक खोलीत बसला तं बाकीच्याइले कसं कळन कशा झाल्या?” म्हणून मी बाहेर पंगतीत बसलो. दिवाळीच्या आधीपासून त्या पाटावर बसलो नव्हतो. सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं. फार नीट पाहिलं.

राजकुमारला गुंडाळी धरता येईना. मधेच दाबली, दुसऱ्या टोकानं सगळं सारण त्याच्या नव्या सदऱ्यावर.

जयवंता म्हणाली, “अवो, तुमच्या लेकाले जेवाले शिकवा. पन्नाशी आली, सदऱ्याले भरवते.”

“आई, पन्नाशी नाई, बेचाळीस.”

“सांडवासांडवीत चार वर्षांचा हायेस.”

साक्षी हसून लोळली. मी राजकुमारला धरून दाखवलं. खालच्या टोकाला अंगठा, वरून दोन बोटं, दाबायचं नाही, नुसता आधार द्यायचा. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला. गुंडाळीकडे नाही, हाताकडे.

हात धुताना तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. “बाबा, बासरले साक्षीचं बोट तुमीच धरजा.”

मी म्हणालो, “हात कापते माहा.”

“कापू द्या.”

२३ जानेवारी, शुक्रवार. बासर

पहाटे निघालो, भैंसा गावाच्या पुढे सूर्य निघाला. कापसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. बासरला एवढी माणसं की गोदावरी दिसेना. सगळीकडे पिवळे कपडे, नव्या पाट्या आणि रडणारी मुलं.

मी मनात चाल म्हणत होतो. दुसरं काही येईना. देवीसमोर बसलो तरी तेच, कोमट पाण्यात बुडी एक घ्यावी. देवी रागावली नसावी.

ताटात तांदूळ पसरले. साक्षी माझ्या मांडीवर, राजकुमार मागे. मी तिचं बोट धरलं, आणि हात कापायला लागला. घरी कापत नव्हता एवढा. दाणे उड्या मारत ताटाबाहेर पडले. पुजारी तेलुगूत म्हणाले, “मेल्लगा, तातय्या, मेल्लगा.” म्हणजे हळू, हळू. मागे रांग खोळंबली होती. एका बाईनं मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. मागून राजकुमारचा हात पुढे येईल असं वाटलं. तो आला नाही.

साक्षीनं आपला रिकामा हात उचलला आणि माझ्या हातावर पालथा ठेवला. दोन्ही बाजूंनी नीट दाबला. मोठ्यानं म्हणाली, “पांघरूण.”

आणि आम्ही ‘श्री’ काढला.

वेलांटी जराशी लांबली. बाकी वळण माझं आहे, मी ओळखलं. हात पूर्ण थांबला होता असं म्हणणार नाही. पण कापत कापत तो जिथे जायचा तिथेच गेला.

अक्षर झाल्यावर साक्षीनं त्यातले मूठभर तांदूळ उचलले. “तातय्या, आता याचा कागद करू?”

२६ जानेवारी, सोमवार

वरची बासरची नोंद आणि ही, दोन्ही उजव्या हातानं लिहिल्या आहेत. ओळी अजून थरथरतात, पण सरळ चालतात.

तेजस्विनी आज परत गेली. मी विचारलं, परीक्षा कधी आहे, निकाल कधी. म्हणाली, “आबाजी, परीक्षा झाली नं. मार्क तुमीच देणार व्हते.” घरच्या घरी परीक्षा घेण्याची ही नवी पद्धत दिसते. आमच्या वेळी परीक्षक दुसऱ्या गावाहून यायचे. असो. आपल्यावर सोपवलं आहे तर नीट द्यावेत, म्हणून मी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास लागलेल्या पहिल्या पाकिटातली शेवटची एक चकती मी तिथं परत ठेवली होती. शाईचं पेन काढलं, उजव्या हातात धरलं, आणि त्या गोल कागदावर लिहिलं:

कु. तेजस्विनी. शंभरपैकी शंभर.

शाई थोडी फुटली, पण नाव वळणदार आलं. खाली सहीसुद्धा केली.

तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. उजेडासमोर धरली, मी धरली होती तशीच. मग माझ्याच कपाटातून एक डांबरगोळी उचलली, रुमालात चकतीबरोबर गुंडाळली आणि बॅगेत अगदी वरती ठेवली.

“हे काऊन?”

“कसर लागते, आबाजी. कागदाले.”

गाडी वळणाआड गेल्यावर जयवंता माझ्याजवळ येऊन बसली. माझा उजवा हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, बाजारात वांगं पाहावं तसा. म्हणाली, “कोणाची व्हती वो परीक्षा?”

मी म्हणालो, “तेजस्विनीचीच की. दुसरी कोणाची?”

“हाव,” ती म्हणाली. “तिचीच.”

एवढे दिवस पोर घरात राबली, आणि हिला अजून साधं कळलेलं नाही.